तो तुमचा कोण लागतो?

मराठीत एक प्रश्न आहे, जो कधी ऐकला नाही असा माणूस सापडणं अवघड. रस्त्यात पडलेल्या कुणाला उचलून रिक्षात घातलं, शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलासाठी रात्रभर दवाखान्यात बसलात, ट्रेनमध्ये ओळख झालेल्या आजोबांना त्यांच्या घरापर्यंत सोडून आलात, की घरी कुणीतरी विचारतंच : “एवढं करायला तो तुझा कोण लागतो?”

विचारणारं माणूस वाईट नसतं. बहुतेक वेळा ती आई असते, आणि तिच्या मनात पोलीस, कोर्ट, उशीर, जागरण असं सगळं एकदम येऊन गेलेलं असतं. तरी तो प्रश्न मला नेहमी अडवतो. ‘लागणे’ हे क्रियापद आपण किती ठिकाणी वापरतो बघा. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं. माणसंही लागतात : हा माझा मामा लागतो, ती माझी चुलत वहिनी लागते. जो असा कुठेच लागत नाही, तो सुटा. त्याच्यासाठी वेळ, पैसा, झोप खर्च केली तर हिशेब द्यावा लागतो. मामासाठी केलं तर कुणी हिशेब मागत नाही.

पण हेच क्रियापद आपण आणखी एका ठिकाणी वापरतो. ‘मी त्याचे दोनशे रुपये देणं लागतो.’ म्हणजे नातं आणि कर्ज, दोन्हीसाठी भाषेने एकच शब्द ठेवलाय. या लेखातला प्रश्न त्या दोन अर्थांच्या मधला आहे. जो माझा कोणीच लागत नाही, त्याचं मी काही देणं लागतो का?

माझं उत्तर ‘हो’ असं आहे. ते देणं फेडण्यासाठी आधी त्याला आपलं कोणीतरी बनवून घ्यायची गरज नाही, हे त्याच्या पुढचं. पण हे दुसरं मला सहज सुचलेलं नाही. ते एका फॉर्ममुळे सुचलं.

*

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा रूममेट बाइकवरून सोलापूर रोडने पुण्याकडे येत होतो. यवतच्या अलीकडे पुढची एक दुचाकी घसरली. पन्नाशीचा माणूस. डोक्याला मार होता, हेल्मेट नव्हतं. आम्ही थांबलो, मागून एक टेम्पोवाला थांबला, ढाब्यावरची दोन पोरं धावत आली. टेम्पोत घालून त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. आत त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि रिसेप्शनवर आमच्या हातात फॉर्म आला. रुग्णाचं नाव : माहीत नाही. वय : अंदाजे पन्नास. सोबत असलेल्या व्यक्तीचं नाव : लिहिलं. त्याखाली एक रकाना होता, ‘नाते’.

रूममेटचा पेन तिथे थांबला.

“नातं लिहा.”

“नातं नाहीये. रस्त्यात पडले होते.”

“मग सही कोण करणार? डिपॉझिट कोण भरणार?”

मित्राने दोन सेकंद विचार केला आणि ‘भाचा’ असं लिहिलं. पुढचे दोन तास तो एका अनोळखी माणसाचा भाचा होता. त्या माणसाच्या फोनवर त्याच्या घरून कॉल आला, मुलगा दौंडवरून निघाला आणि पोहोचला. त्याने काउंटरवरचा कागद पाहिला, ‘भाचा’ वाचलं आणि गोंधळून आमच्याकडे बघितलं. सांगितल्यावर तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. वडील वाचले.

ही गोष्ट आम्ही पुढे कित्येकदा मजेत सांगितली. पण नंतर मी कायदा वाचला, तेव्हा तिच्यातली खरी गंमत कळली. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सूचनांना कायद्यासारखं बंधनकारक स्वरूप दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं. त्याचा अर्थ थोडक्यात असा : चांगल्या हेतूने, स्वतःहून, काही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव, पत्ता, फोन नंबर सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर. हे हक्क इंग्रजीत, हिंदीत आणि स्थानिक भाषेत रुग्णालयाच्या दाराशी लावलेले असायला हवेत.

आणि मूळ सूचनांमध्ये एक बारीक अट आहे. रुग्णालयाने मदत करणाऱ्याला अडवून ठेवू नये, त्याच्याकडे नोंदणीचे किंवा भरतीचे पैसे मागू नयेत. मात्र तो जखमीचा नातेवाईक असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे माझ्या मित्राने ‘भाचा’ लिहून जे संरक्षण होतं तेच सोडलं होतं. कायद्याच्या लेखी ‘कोणी नाही’ हेच सगळ्यात सुरक्षित उत्तर होतं! पण त्या काउंटरवर ते उत्तर चालत नव्हतं. तिथे जखमीला जागा मिळायला आधी त्याला कुणाचातरी मामा व्हावं लागलं.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. यातल्या किती जणांभोवती लोक जमले असतील आणि ‘आपण कशाला पडायचं’ म्हणून उभे राहिले असतील, हे कुणी मोजू शकत नाही. मला ती उभी राहिलेली माणसं निर्दय वाटत नाहीत. त्यांना पुढचा प्रश्न माहीत असतो.

*

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणूस तर अनोळखी माणसाशी नातं जोडूनच बोलतो, मग अडचण कुठे आहे? खरंच आहे. रिक्षावाला दादा, भाजीवाली मावशी, वॉचमन काका. एसटीचा कंडक्टर तर मास्तर. विदर्भात गेलात तर जो तो भाऊ. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात पाराजवळ गाडी थांबवा, “काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?” असा आवाज येतो. तुम्ही कुणाच्याच घरी आलेले नसता, तरी सगळ्या गावाचे पाहुणे असता. मला ही गोष्ट फार आवडते. कुठल्याही ॲपमधल्या ‘हाय’पेक्षा त्यात जास्त ऊब आहे.

पण त्याच पारावर दुसरा प्रश्न पाठोपाठ येतो. “आडनाव काय?” उत्तर ऐकल्यावर कधी चहा येतो, कधी नुसतीच मान हलते. पाहुणा कुठल्या दर्जाचा, हे ठरायला आडनाव लागतं. शहरात भाड्याने खोली शोधताना हेच जरा गुळगुळीत भाषेत विचारलं जातं. आपल्या बोलण्यातली नाती मोठ्या मनाने वाटलेली वाटतात, पण वाटप सगळ्यांना सारखं नसतं.

‘भय्या’ हा शब्द घ्या. अर्थ भाऊ. पण मुंबईत तो कुठल्या सुरात म्हटला जातो, हे सांगायची गरज नाही. भाऊ म्हणून हाक मारता मारता ‘तू इथला नाहीस’ हे सांगायची सोय आपण करून ठेवलीय. आणि काहींना तर तेवढीही हाक मिळत नाही. कचऱ्याच्या ढिगात हात घालणारी बाई, गटारात उतरलेला माणूस, सिग्नलला काच ठोठावणारा हात. तिथे ‘काका’ नाही, ‘मावशी’ नाही. तिथे ‘ए’ आहे, किंवा वर जाणारी काच आहे.

मुलींशी नीट वागा हे शिकवतानाही आपण म्हणतो, “घरी आई-बहीण नाही का?” म्हणजे समोरची मुलगी कुणाची बहीण नसती, तर? नात्यातून आलेली माया खरी असते, पण ती नात्याच्या कुंपणापाशी थांबते. कुंपण थोडं सरकवता येतं. मात्र कुणीतरी बाहेर राहतंच.

*

अनोळखी माणसासाठी आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि साधी सोय म्हणजे पाणपोई. एप्रिल-मे महिन्यात रस्त्याकडेला मांडव, ओलं फडकं गुंडाळलेले रांजण, साखळीने बांधलेला पेला. कुणी यावं, पाणी प्यावं, निघून जावं. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव कळत नाही आणि घेणाऱ्याला आभार मानायला समोर माणूसच नसतो. मदत अशीच असावी, असं मला वाटतं.

पण पाण्याचा आपला इतिहास इतका निरागस नाही. रस्त्यावरच्या परक्या वाटसरूला पाणी देणं हे पुण्य होतं, आणि त्याच गावातल्या काही माणसांना विहिरीला हात लावू न देणं हा रिवाज होता. त्यांना वरून, दुरून, कुणीतरी ओंजळीत ओतलं तर पाणी. ते ओतणारा स्वतःला दयाळूच समजत असणार. म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याचं मोल मोठं आहे. त्यांनी पाणी ओतलं नाही. हौद उघडला. ज्याला हवं त्याने यावं आणि स्वतःच्या हाताने घ्यावं.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह गेले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं खुलं करायचा ठराव आधीच केला होता, पण ठराव कागदावर होता. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. बाबासाहेबांनी पुढे स्पष्ट केलं की हा खटाटोप नुसत्या पाण्यासाठी नव्हता, आपणही माणसं आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी होता. दया मागितली असती तर कदाचित कुणी ओंजळभर पाणी दिलंही असतं. तिथे दया नको होती.

हे मला वारंवार आठवतं, कारण दयेवरचं लिखाण फार लवकर गोड होतं. एका माणसाचा हात वर, दुसऱ्याचा खाली, आणि वरचा हात किती छान आहे याचं वर्णन. आज तर त्या हातासमोर कॅमेरा असतो. फुटपाथवरच्या म्हाताऱ्याला पाचशेची नोट द्यायची, त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचं, मागे पियानो लावायचा. अशा रीलवर मीही थांबलोय, माझाही घसा दाटलाय. पैसे त्या म्हाताऱ्याला मिळाले हे चांगलंच. पण त्या सौद्यात त्याने काय दिलं? त्याने आपला चेहरा दिला. आता तो हजारो अनोळखी लोकांच्या फोनवर कायमचा गरीब आहे. पाणपोईचा पेला असं काही मागत नाही.

बाबासाहेबांचाच आणखी एक विचार इथे उपयोगी पडतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण शाळेत पाठ केली. पण त्यांनी एके ठिकाणी असं लिहिलंय की ‘बंधुता’ हा शब्द अपुरा आहे, बुद्धाने वापरलेला ‘मैत्री’ हा शब्द अधिक योग्य. मला हे वाचून थबकायला झालं. बंधुता म्हणजे शेवटी भाऊपण, पुन्हा नातंच. सगळ्यांना एका काल्पनिक आईची लेकरं मानायचं. मैत्रीला तशी कल्पना करावी लागत नाही. मित्र कुणाचाच कोणी लागत नाही, आणि तरीही आपला असतो.

*

२०२० चा एप्रिल-मे आठवतोय? त्या दोन महिन्यांत ही गोष्ट महाराष्ट्राच्या रस्त्यांवर उघडी पडली होती. अनेक गावांनी वेशीवर काटे, दगड, बैलगाड्या आडव्या लावल्या. बाहेरच्याला प्रवेश नाही. ‘बाहेरचा’ म्हणजे कोण? मुंबई-पुण्यात कामाला गेलेली गावचीच पोरं. भावकीतली, घरातली. भीती खरी होती, मी गावांना दोष देत नाही. पण जे ‘लागत’ होते त्यांना वेस बंद झाली.

आणि त्याच दिवसांत मुंबई-नाशिक महामार्गावरून उत्तर प्रदेशाकडे, मध्य प्रदेशाकडे माणसांच्या रांगा चालत होत्या. रस्त्याकडेच्या लोकांनी त्यांच्यासाठी पाणी ठेवलं, खिचडी केली, केळी वाटली, तळपाय सोललेल्यांना चपला दिल्या. यात कुणी कुणाचं नव्हतं. पुन्हा भेट होण्याची शक्यता शून्य. मत मिळणार नव्हतं. भाषाही नीट जुळत नव्हती. समोर दिसत होतं ते एवढंच की हा माणूस चालतोय, याला तहान लागलीय, याच्या पायात काही नाही.

नात्याने जे केलं नाही ते परकेपणाने केलं, असं म्हणायचा मला मोह होतो. पण ते फार पुढचं बोलणं होईल. इतकं मात्र म्हणता येतं की नातं आहे की नाही, यावर त्या उन्हात फार काही अवलंबून नव्हतं.

*

मग कशावर अवलंबून असतं? स्वभावावर, असं आपण समजतो. अमका मनाचा मोठा, तमका कोरडा. यावर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना निवडलं. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली भल्या समॅरिटनची गोष्ट : वाटेत लुटून टाकलेल्या जखमी माणसाला दोन प्रतिष्ठित माणसं ओलांडून जातात, आणि ज्याला तो समाज कमी लेखतो असा एक परका माणूस त्याला उचलतो. वरच्या कायद्याला जगभर याच समॅरिटनचं नाव आहे.

विद्यार्थी निघाले, तेव्हा वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. तो प्रयोगातलाच होता. किती जण थांबले? ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय समॅरिटन आहे की आणखी काही, याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. डोक्यात दयेचं प्रवचन घोळवत, दयेची गरज असलेल्या माणसाशेजारून माणसं निघून गेली. कारण घाई.

हे वाचून निराश होता येतं. मला उलट हायसं वाटलं. दया ही काही निवडक लोकांच्या हृदयातली ठेव नाही, तर ती बऱ्याच अंशी वेळेवर, जागेवर, सोयीवर अवलंबून आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई थांबली. घाई हा शब्दच रद्द झाला. त्या रात्री झोपड्यांमधून बिस्किटं आली, इमारतींमधून चहा आला, लोकांनी अनोळखी लोकांना घरात झोपवलं. आदल्या दिवशी लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडणारी हीच माणसं होती.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की ‘आजची पिढी असंवेदनशील झालीय’, तेव्हा मला त्या पिढीचं घड्याळ दिसतं. डिलिव्हरीच्या मुलाच्या फोनवर मिनिटं उलटी मोजली जातात. रस्त्यात कुणी पडलं तर थांबायची किंमत त्याला रेटिंगमधून मोजावी लागते. आपण त्याला ‘दहा मिनिटांत आण’ म्हणतो आणि वर त्याच्याकडून माणुसकीचीही अपेक्षा करतो. पूर्वी माणसं फार चांगली होती असं मला वाटत नाही. त्यांना थांबणं जरा स्वस्त पडत असेल.

*

दोन शंका राहतात, आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली : समोरचा खोटं बोलत असेल तर? स्वारगेटला तुम्हालाही तो माणूस भेटला असेल. “साहेब, पाकीट मारलं, गावाला जायला पैसे नाहीत.” आठवड्याने त्याच जागी तोच माणूस, तेच पाकीट. मी यावर एक साधा हिशेब वापरतो. मी विश्वास ठेवला आणि तो खोटा निघाला, तर माझे पन्नास रुपये गेले. मी विश्वास ठेवला नाही आणि तो खरा निघाला, तर एका माणसाने ती रात्र स्टँडवर काढली. दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत. रक्कम परवडणारी असेल तर मी पहिली चूक पत्करतो. दहा हजार मागितले तर अर्थातच पत्करणार नाही. पण पन्नास रुपयांसाठी समोरच्याची उलटतपासणी घेऊन त्याला त्याची गरिबी सिद्ध करायला लावणं, यात मला पैशांपेक्षा जास्त काहीतरी गमावल्यासारखं वाटतं.

दुसरी शंका माझ्या एका मैत्रिणीने काढली. ती रात्री साडेदहाला ऑफिसातून निघते. मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, “तुला थांबणं म्हणजे उशीर. मला थांबणं म्हणजे धोका. आपल्या दोघांची दया एकाच तराजूत कशी तोलशील?” बरोबर आहे तिचं. निर्मनुष्य रस्त्यावर गाडी न थांबवणारी बाई कमी दयाळू नसते. ती काय करते, हेही तिने सांगितलं. पुढे उजेडात, माणसांत जाते आणि १०८ ला फोन लावते. जागा नीट सांगते, आणि अँब्युलन्स निघाल्याचं कळेपर्यंत फोन धरून ठेवते.

मला ती १०८ ची गाडी पाणपोईच्याच कुळातली वाटते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, आणि सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. फोन कुणीही करावा, गाडी कुणासाठीही येते. तिच्यामागे आपला सगळ्यांचा कर आहे, म्हणजे ज्यांना आपण कधी पाहणारही नाही अशा लोकांसाठी आपण आधीच थोडं थोडं दिलेलं आहे. एकट्याच्या चांगुलपणावर सगळं सोडलं, तर ज्याला थांबणं परवडतं तोच चांगला ठरणार. चांगुलपणा स्वस्त करणं, हे मला चांगुलपणाइतकंच मोठं काम वाटतं. दवाखान्याच्या दारावरची ती पाटी हे तसंच एक काम आहे. तुमच्या जवळच्या रुग्णालयाच्या दारावर ती आहे का, एकदा बघून या.

*

आतापर्यंत मी देणाऱ्याच्या बाजूने बोललो. घेणाऱ्याची बाजू मला एकदाच नीट कळली.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी लातूरहून रात्रीच्या एसटीने पुण्याला निघालो होतो. डिसेंबर होता. बार्शी मागे पडली तेव्हा थंडी वाजून ताप भरला. खिडकीची काच नीट लागत नव्हती. शेजारी एक बाई, मांडीवर लहान पोरगी. तिने काही न विचारता आपली शाल माझ्या अंगावर टाकली आणि पोरीला पदरात घेतलं. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून तिने चहा आणला आणि सोबत गोळी. पाण्याने रुमाल भिजवून माझ्या हातात दिला, कपाळावर ठेव म्हणाली. मास्तर तिकिटं तपासत आले. माझी अवस्था बघून त्यांनी तिला विचारलं, “पोरगं तुमचं का?”

ती म्हणाली, “न्हाय. कुणाचं का आसंना, आंग तापलंय त्येचं.”

मी अर्धवट झोपेत होतो, पण हे वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. ती मला ‘लेकरासारखा’ म्हणाली नाही. म्हणाली असती तरी मला आवडलं असतं. पण तिला त्याची गरज पडली नाही. ताप होता, शाल होती, एवढं पुरेसं होतं.

पहाटे हडपसरला ती उतरली. शाल घेतली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पोरीला कडेवर टाकून निघाली. नाव विचारायचं मला सुचलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. मराठीत ‘उतराई होणं’ म्हणतात, उपकार फेडून मोकळं होणं. तिचा उतराई होण्याचा रस्ताच माझ्याकडे नाही. तिचा पत्ता नाही, चेहरा पुसट झालाय, ती पोरगी आता कॉलेजात असेल.

पण या न फिटणाऱ्या देण्याचा मला कधी जाच झाला नाही. ओळखीच्या माणसाचे उपकार सलतात. लग्नात, भांडणात, कुठेतरी त्यांचा उल्लेख निघतो. या बाईचं देणं कुणी कधी काढणार नाही. ते तसंच माझ्याकडे पडून आहे, आणि ज्याचं अंग तापलंय अशा कुणालाही देता येण्याजोगं आहे. त्याला माझं नाव माहीत असायची गरज नाही. मलाही त्याचं नाव लागणार नाही.